स्वच्छ प्रत

मामांकडे तेरा पुस्तकं होती आणि चौदावं ताईकडे होतं. चौदावं पुस्तक न मिळालेली माणसं जगात पुष्कळ असतात. ती जेवतात, झोपतात, वेळ आली की मरतात, त्यांचं काही अडत नाही. मामांचं मात्र अडलं होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही, तीस वर्षं.

त्यांना मामा म्हणणारं माणूस जगात एकच, त्यांची भाची, आणि तिची भेटही दोन-दोन वर्षांनी व्हायची. तरी गोष्ट तिच्यापर्यंत जायची आहे, म्हणून आपणही त्यांना मामाच म्हणू.

मामा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचे. काढले त्यापेक्षा खोडलेच जास्त, कारण वरचे साहेब बदलले की नळही बदलत. कागदावरच्या नळांचं काय, ते कुठूनही नेता येतात. मामांनी खोडलेली रेघ मात्र अशी जायची की पूर्वी इथे काही होतं असं कागदालाही सांगता येऊ नये. दुसऱ्या खात्यातली माणसं आपले बिघडलेले नकाशे बगलेत मारून त्यांच्या टेबलाशी येत. कचेरीत त्यांचं नाव ‘रबरसाहेब’ पडलं होतं आणि मामांना ते मनातून आवडायचं.

लेखक त्यांचा एकच. भावा-बहिणीत त्याला ‘आपला म्हातारा’ म्हणायचे. लहानपणी मामांना महिनाभर ताप आला होता, तेव्हा ताईनं उशाशी बसून त्याची तीन पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवली. ताप गेला, म्हातारा राहिला. नोकरी लागल्यावर मामांनी त्याची पुस्तकं जमवायला घेतली, पण कुठलीही चालायची नाहीत, पहिलीच आवृत्ती हवी, आणि तीही मूळ कव्हरासकट. लग्नानंतर मामींनी एकदा साधा प्रश्न विचारला होता.

“अहो, पण आतला मजकूर तोच ना?”

“मजकूर तोच गं. पण पुस्तक छापून आलं तेव्हा म्हाताऱ्यानं पहिल्यांदा हातात धरलं असेल ते हे. असलं.”

“मग म्हाताऱ्याचा हात लागलाय का या प्रतीला?”

“नाही.”

“बरं,” मामी म्हणाल्या आणि भाजी चिरायला गेल्या. संसाराला तीस वर्षं झाली तरी या विषयावर त्या दोघांत याहून जास्त बोलणं झालं नाही.

म्हाताऱ्याचं पहिलं पुस्तक, म्हणजे मामांचं चौदावं, त्यानं पदरमोड करून छापलं होतं. प्रती तीनशे. त्यातल्या अर्ध्याहून जास्त बांधणीवाल्याकडेच पाणी शिरून लगदा झाल्या. उरलेल्यांतली एक, तीस वर्षांपूर्वी, जुन्या पुस्तकांच्या दुकानाबाहेरच्या ढिगात पडली होती. मामा आणि ताई बरोबरच चालले होते. मामांनी तिचं फाटकं कव्हर पाहिलं, ‘नंतरची दिसते’ असं म्हणाले आणि पुढे गेले. ताईनं वाकून उचलली. घरी आल्यावर मामांनी सहज पहिलं पान उलटलं, मागचं साल पाहिलं, ते पहिल्या आवृत्तीचं निघालं.

“ताई, ही मला दे.”

“का? तुला तर ती नंतरची दिसली ना?”

“थट्टा नको. काय हवं ते माग.”

“मी मेल्यावर घे, धाकट्या. तोवर मला वाचू दे.”

दर भेटीत हे संभाषण व्हायचं. दोघांचा तो खेळच झाला होता, फक्त एकजण खेळत होता आणि दुसऱ्याचा जीव जात होता. त्यातून ताईला समासात लिहायची सवय. ‘खोटं’, ‘वा’, ‘हे आईसारखं’ असलं काहीबाही ती पानाच्या कडेला खरडायची. पुस्तकवाल्यांच्या जगात लिहिलेली प्रत म्हणजे उष्टं ताट, कुणी हात लावत नाही. मामांनी हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं की लिहायचंच असेल तर पेन्सिलीनं लिही. शाई जुन्या कागदात पसरते. ताईनं हे मात्र ऐकलं, आणि शेवटपर्यंत पाळलं.

आता जे कुणी बोलत नव्हतं ते सांगायला हवं. ताईचा नवरा लवकर वारला. पदरात सहा वर्षांची मुलगी. ताई तिला घेऊन मामांच्या दोन खोल्यांत राहायला आली. मामांचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. मुलगी गालात काहीतरी कोंबून हिंडायची म्हणून ताई तिला खारू म्हणायची. एक दिवस या खारूनं लाल खडू घेतला आणि मामांच्या सातव्या पुस्तकाची अकरा पानं रंगवून काढली. मामा कचेरीतून आले, त्यांनी ते पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ताईवर ओरडले.

“या घरात एकतर ही राहील, नाहीतर माझी पुस्तकं.”

चार महिन्यांनी ताईनं खारूला आठ तासांच्या अंतरावरच्या एका वसतिगृहात ठेवलं. लोकांना सांगितलं, शिक्षणासाठी. मामांनी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. पुढे ताईला टेलिफोनच्या कचेरीत नोकरी लागली, स्वतंत्र खोली झाली, तेव्हा ती मुलीला आणायला गेली. मुलगी तोवर पंधरा वर्षांची झाली होती. ती म्हणाली, मी इथेच बरी आहे. ‘ए मामा’ म्हणणारी पोर ‘अहो मामा’ म्हणू लागली, आणि मामांना दर वेळी तो ‘अहो’ टोचायचा. त्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं की हे आपलं पाप आहे. म्हणून ते भाचीसमोर फार वेळ बसत नसत. सातव्या पुस्तकातला खडू त्यांनी केव्हाच काढून टाकला होता. ती अकरा पानं आज कुणाला ओळखू येणार नाहीत.

ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. शेवटची दोन वर्षं ती एका वृद्धाश्रमात होती. गळ्यात दोरीनं पाटी अडकवलेली. ‘पाणी’, ‘खिडकी लाव’, ‘बरी आहे’ असं पाटीवर लिहायची, समोरच्यानं वाचलं की पुसायची. पंधरा दिवसांनी मामा भेटायला जात. ताई उशाखालचं पुस्तक काढून त्यांना लांबून दाखवी, मग पाटीवर लिही, ‘अजून जिवंत आहे’, आणि आवाज नसलेलं हसे.

एका मंगळवारी सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला. मामांनी फोन खाली ठेवला आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो पुस्तकाचा. दुसरा ताईचा. दोन्हींत फार अंतर नव्हतं, पण क्रम हाच होता, आणि तो त्यांना स्वतःला कळला. त्यांना शरम वाटली. तरी बाहेर पडताना त्यांनी पिशवीत एक स्वच्छ टॉवेल घेतला, गुंडाळायला.

भाची दुपारी पोहोचली. ती एका इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची. बेचाळीस वर्षांची, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. पुढचं सगळं उरकल्यावर ती आईच्या खोलीत आली आणि गादी उचलून पाहू लागली.

“काय शोधतेस?” मामांनी विचारलं.

“वही. मागच्या भेटीत आईनं पाटीवर लिहिलं होतं, सगळं लिहून ठेवतेय म्हणून. मला वसतिगृहात का धाडलं, तेही.” तिनं उशीचा अभ्रा उलटून पाहिला. “मी छत्तीस वर्षांत तिला हे एकदाही विचारलं नव्हतं, मामा. तिनं आपणहून लिहिलं.”

काय लिहिलं असणार ते मामांना ठाऊक होतं. खोली झाडणारी बाई दारात उभी होती. ती म्हणाली, “लिहायच्या तर खऱ्या. दिवसभर हातात पेन्सिल. पण आम्ही दर शनिवारी कपाटं साफ करतो ना, कागद-कपटा सगळा जातो. आमच्या बाईंची तशी सक्त ताकीदच आहे.”

त्यांनी मिळून खोली पालथी घातली. कपड्यांच्या घड्या सोडल्या, औषधांचे खोके उपसले, कपाटाखाली हात घालून पाहिला. मामाही मनापासून शोधत होते, हे खोटं नाही. निम्मं मन वही सापडू नये म्हणत होतं, तरी हात शोधत होते. टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक त्यांच्या खांद्याच्या पिशवीत होतं. भाची यायच्या आधीच त्यांनी ते उचललं होतं, सालाचं पान तेवढं उघडून पाहिलं होतं आणि मिटलं होतं. आपण वही शोधतोय, आणि पिशवीत आहे ते पुस्तक. पुस्तकाला ते आयुष्यात कधी कागद समजले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

वही मिळाली नाही. भाचीनं आईची पाटी तेवढी घेतली. पाटी कोरी होती, कुणीतरी पुसून ठेवली होती.

“सापडलं काही तर कळवा,” ती म्हणाली.

“कळवतो ना,” मामा म्हणाले.

शहरातल्या मोठ्या वाचनालयानं मामांना वर्षापूर्वीच शब्द दिला होता. चौदा पुस्तकं पूर्ण झाली की पहिल्या मजल्यावर काचेचं कपाट, वर दिवा, आणि कपाटावर मामांचं नाव. पूर्ण चौदा पहिल्या आवृत्त्या कुणाकडेच नाहीत, असं ग्रंथपाल म्हणाले होते. मामांनी त्यांना फोन केला. महिनाअखेर ठरली. मग खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यांनी पुस्तक उघडलं.

पानापानावर पेन्सिल. समास वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळे भरलेले. काही ठिकाणी ओळींच्या मधल्या जागेतही मुंगीएवढं अक्षर.

“झालं,” मामा म्हणाले. “जित्याची खोड. एक जागा सोडली नाही बाईनं.”

मामी मागे येऊन उभ्या राहिल्या. “बापरे. काय लिहिलंय एवढं?”

“तिच्या टिपा. तीस वर्षांच्या.”

“वाचलंत?”

“वाचायचं काय त्यात? खोटं, वा, आईसारखं.”

“तरी एकदा नजर टाका. गेलेल्या माणसाचं अक्षर आहे.”

“वाचायला लागलं की हात थांबतो,” मामा म्हणाले. हे त्यांनी कचेरीत नव्या पोरांना शिकवलेलं पहिलं वाक्य होतं. रेघ कशाची आहे ते बघायचं नाही, फक्त रेघ बघायची.

आणि दुसरंही एक होतं, जे त्यांनी मामींना सांगितलं नाही. ताईचं अक्षर वाचायचा त्यांना धीर नव्हता. मंगळवारचा तो पहिला विचार अजून छातीत बसून होता. अक्षर वाचलं तर ताई बोलायला लागेल असं त्यांना वाटत होतं. त्यापेक्षा रबर बरं.

मग काम सुरू झालं. ते मन लावून काम करत. दररोज सकाळी उन्हं टेबलावर आली की बसायचं. आधी मऊ कुंचल्यानं पान झाडायचं. मग मळलेल्या कणकेसारखं मऊ रबर नुसतं टेकवायचं आणि उचलायचं, म्हणजे वरवरची पूड निघते. मग दुसरं रबर, एकाच दिशेनं, छापलेल्या अक्षरावर बारीक भोकांचा पातळ पत्रा धरून, म्हणजे शाईला धक्का लागत नाही. ताई जोर देऊन लिहायची, त्यामुळे शिसं गेलं तरी कागदात खाचा राहत. त्यांनाही मामांकडे इलाज होता. पानाला जरासा ओलावा येईल एवढीच वाफ द्यायची, टिपकागदात घालायचं आणि वर लोखंडी वजनं ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत दाबायचं. खाच बुजून जाते. दिवसाला वीस पानं. उठताना ते चुरा कागदावर गोळा करून केराच्या डब्यात टाकत. पाचव्या दिवशी त्यांना वाटलं, असं काम आपण नोकरीतही केलं नव्हतं. त्या समाधानात ते चक्क गुणगुणले, आणि मामींनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून पाहिलं.

नवव्या सकाळी एकशे एकसष्टावं पान समोर आलं. पुस्तक एकूण एकशे बहात्तर पानांचं. मामांनी पत्रा ठेवला, आणि पत्र्याच्या भोकातून एक शब्द वर आला. खारू.

त्यांनी पत्रा उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. मग चष्मा पुसून त्यांनी, सबंध पुस्तकात पहिल्यांदाच, ताईचं अक्षर वाचलं.

‘तर खारू, हे असं झालं. पहिल्या पानापासून इथवर सगळं क्रमानं सांगितलं, काही लपवलं नाही. तुला पटेल न पटेल, पण खरं तेच आहे. तू आता मोठी आहेस, समजू शकशील. मी तेव्हा कुणालाच सांगू शकले नाही, तुला तर नाहीच.

धाकट्याला वाटत असेल की लाल खडूमुळे मी तुला धाडलं. तो वेडा आहे. खडूचा आणि त्याचा काही संबंध नाही. त्याला हे मी तोंडानं सांगायला हवं होतं, पण तो विषय निघाला की उठून जायचा, आणि मग माझं तोंडच गेलं. त्याच्यावर राग धरू नकोस. आधी तो वाचेल, मग तुला देईल.

वहीत लिहीत होते, ती वही शनिवारी केरात गेली. म्हणून इथे लिहिलं. या पुस्तकाला धाकटा जीव गेला तरी काही होऊ देणार नाही. माझ्याकडे याहून सुरक्षित जागा नाही.

पेन्सिलीनंच लिहिलंय रे. ओरडू नकोस.’

पुढच्या पानांवर किरकोळ होतं. निळी शाल खोली झाडणाऱ्या बाईला दे. खारू, सर्दी अंगावर काढू नकोस. एकशे सहासष्टाव्या पानावर शेवटची ओळ होती, ‘आता दमले’. त्यापुढची पानं कोरी.

जे झालं ते झालं तसंच सांगायला हवं. मामांना आधी आनंद झाला. छत्तीस वर्षं छातीवर असलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला. माझ्यामुळे नाही, त्यांच्या मनात आलं, माझ्यामुळे नव्हतंच. डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पानावर पडू नये म्हणून मान मागे घेतली. एवढं भान त्यांना तेव्हाही होतं. मग, मान मागे असतानाच, त्यांना केराचा डबा दिसला.

पहिल्या पानापासून इथवर, असं ताईनं लिहिलं होतं.

त्यांनी पहिलं पान उघडलं. दहावं. साठावं. शंभरावं. खिडकीशी नेऊन तिरकं धरलं, कारण उजेड आडवा पडला की बुजलेली खाचही कधीकधी सावली देते. नवीन कागदाच्या दुकानातून आत्ता आणल्यासारखी पानं होती. त्यांनी आठ दिवसांत काय काय पाहिलं ते आठवायचा प्रयत्न केला. वळणं आठवली. एका पानावर खूप खाडाखोड होती, तिथे रबर दोनदा फिरवावं लागलं, एवढं आठवलं. शब्द एकही आठवला नाही. शब्द न बघण्याचीच तर त्यांची ख्याती होती.

मामी चहा घेऊन आल्या तेव्हा मामा भिंतीकडे बघत बसले होते. त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. मामींनी उभ्यानंच वाचलं, मग खुर्ची ओढली.

“केर?” मामांनी विचारलं.

“रोज जातो. आणि असता तरी चुऱ्यातून काय वाचणार होतात?” चहाचा कप बाजूला सारून त्या म्हणाल्या, “तिला फोन करा.”

“काय सांगू?”

“हेच.”

“नुसतं म्हटलं की काही सापडलं नाही, तर? तिला कुठे माहीत आहे या पुस्तकात लिहिलंय ते?”

उरलेली सहा पानं खोडायला अर्धा तास पुरला असता. रबर टेबलावरच होतं. मामांनी ती पानं खोडली नाहीत, पण त्याला कुणी चांगुलपणा समजू नये. त्या पानांत त्यांची सुटका लिहिलेली होती, आणि स्वतःची सुटका कोण आपल्या हातानं पुसेल?

त्यांनी फोन केला. पुस्तक सापडलंय, त्यात आईनं थोडं लिहिलंय, एवढंच सांगितलं. ‘थोडं’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली. भाचीनं विचारलं, “थोडं म्हणजे?” मामा म्हणाले, “ये. मग बोलू.”

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आठ तासांच्या बसनं चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत काहीतरी होतं जे मामांनी ती सहा वर्षांची असताना शेवटचं पाहिलं होतं. मामींनी पाणी दिलं. ते तिनं तसंच ठेवलं. मामांनी पुस्तक एकशे एकसष्टाव्या पानावर उघडून तिच्यापुढे केलं.

तिनं वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. ‘आता दमले’पर्यंत जाऊन ती परत मागे आली.

“म्हणजे पहिल्या पानापासून,” ती म्हणाली आणि पहिलं पान उघडलं.

मामांनी तिला ते पान उलटू दिलं, दुसरंही उलटू दिलं. तिसऱ्याला ते म्हणाले, “तिथे नाही काही आता.”

“आता?”

“मी खोडलं.”

तिला कळलं नाही. मामांनी सगळं सांगितलं. वाचनालय, काचेचं कपाट, लिहिलेल्या प्रतीला किंमत नसते ते, आठ दिवस, वीस-वीस पानं. सांगताना आपण काम कसं केलं हेही त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि मामींनी डोळे मिटून घेतले.

“खोडण्याआधी वाचलंत ना पण?” भाचीनं विचारलं. आवाज अजून शांत होता. “म्हणजे अर्धंमुर्धं, आठवेल तसं सांगा. मी लिहून घेते.” आणि तिनं खरंच पिशवीतून पेन काढलं.

“नाही वाचलं.”

“एकही ओळ?”

“एकही नाही.”

तिनं पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“खडूचं मला आठवतंसुद्धा नाही,” ती म्हणाली. “तुम्ही ओरडला होतात का?”

“हो.”

“मग बरं झालं. तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.”

ती रागानं म्हणाली असती तर मामांना सोसलं असतं. मनापासून म्हणाली. मामांनी तोंड उघडलं, पण त्यातून जे निघालं ते रडणं होतं, आणि त्यानं त्या खोलीत कुणाचंच काही भलं झालं नाही. मामी उठून भाचीच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

“पुस्तक माझं ना?” भाचीनं विचारलं.

“तुझंच. आईचं होतं, म्हणजे तुझंच.” मामांनी डोळे पुसले. वाचनालयाला काय सांगायचं हा विचार त्या क्षणीही त्यांच्या मनाला चाटून गेला, आणि स्वतःचा त्यांना असा वीट आला की पूर्वी कधी आला नव्हता.

ती पुस्तक घेऊन खिडकीशी गेली. पहिलं पान तिनं उजेडात तिरकं धरलं. रोज दहा-दहा तास काळ्या फिल्मा उजेडापुढे धरून हाडातली केसाएवढी भेग शोधायची तिला सवय होती. ती घाई करत नव्हती. पान थोडं वर, थोडं खाली, मग डावीकडून, मग मागच्या बाजूनं. काही दिसलं नाही की पुढचं.

मामा खुर्चीत बसून बघत होते. तिचे डोळे चांगले होते, त्यांच्यापेक्षा चांगले. एखाद्या नवशिक्याचं काम असतं तर तिला नक्की काहीतरी सापडलं असतं. विसावं पान झालं. तिसावं झालं. मामींनी दिवा लावायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, “नको, हाच उजेड बरा आहे.”

चाळिसाव्या पानाला मामांना राहवलं नाही.

“खारू,” ते म्हणाले. छत्तीस वर्षांनी त्यांनी तिला या नावानं हाक मारली होती. “नाही दिसणार गं. मी काम चोख केलंय.”

तिनं मान हलवली, ऐकलं म्हणून. आणि एकेचाळिसावं पान उजेडात धरलं.